बडेबाबूंचा ळ

बडेबाबू रागावले की ओरडत नसत. आपल्या टेबलाशी जात, मशिनीत कागद चढवत, मधे कार्बन घालत आणि जे बोलायचं ते टाइप करत. पहिली प्रत तुमच्या हातात, दुसरी फायलीत. त्या फायलीत माझ्या नावाचे सतरा कागद होते. पहिला माझ्या तिसऱ्या दिवसाचा. इंग्रजीत होता, अर्थ असा: ‘आपण आज अकरा वाजून दहा मिनिटांनी बटणांकडे पाहिले. बटणांकडे पाहून टाइप करणे म्हणजे आरशात पाहून घास तोंडात घालणे होय. पुन्हा होऊ नये.’ कौतुक मात्र ते तोंडी करायचे, मराठीत, सगळ्यांसमोर, आणि इतक्या मोठ्यानं की शेजारच्या ड्रॉइंग ऑफिसातली माणसं खिडकीतून डोकावून जायची.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. मुरमाचा लाल धुरळा, क्रेनचे हात, आणि देशभरातून आलेली माणसं. आम्ही साकोलीकडचे. वडील शेती भावाकडे सोडून इथे खलाशी म्हणून लागले होते, म्हणजे दोरखंड बांधून लोखंडाचे अजस्र तुकडे वर चढवायचे. मी मॅट्रिक झाले होते आणि प्लांटच्या टायपिंग सेक्शनला माणसं हवी होती. वडील मला घेऊन गेले.

टिनाच्या छपराची लांबलचक खोली. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, छपरावर गारा पडताहेत. नऊ मशिनी एकदम चालत होत्या. एक बुटका, टकला माणूस मधून डोळे मिटून फिरत होता. एप्रिलच्या उन्हात अंगात कोट. तेच बडेबाबू, सेक्शनचे प्रमुख. शेजारच्या दुर्ग गावातल्या जुन्या मराठी घराण्यातले, त्यांच्या तीन पिढ्या तिथेच गेल्या होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, सर्टिफिकेट पाहिलं नाही.

“नखं दाखव,” म्हणाले.

दाखवली.

“करंगळीचं वाढलं हाय. कापून ये.”

कापून आले तर माझ्यापुढे त्यांनी पुठ्ठा ठेवला. कार्बन पेपरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर लाल-निळ्या पेन्सिलीनं काढलेली गोल गोल बटणं. मशिनी नऊ आणि शिकणारी आम्ही वीसेक, म्हणून त्यांनी हे कीबोर्ड घरी बसून स्वतः काढले होते. बाकावर आम्ही रांगेनं बसायचो आणि पुठ्ठ्यावर बोटं आपटायचो.

वडिलांना काही समजेना. “बडेबाबू, याच्यात कागद कुठी लावतेत?”

“कागद मागून येते मामा. पयले बोटं याले पायजेत.”

पुठ्ठ्यावरच्या टकटकीतूनही त्यांना चूक ऐकू यायची. “कोनाची करंगळी झोपली तिकडे?” म्हणत, आणि जिची झोपलेली असायची ती दचकायची. स्वतःच्या बोटांना ते तान्ह्या पोरासारखं जपत. चहाचा गरम पेला धरायचे नाहीत. थंडीत सायकलवर लोकरीचे हातमोजे. घरी भातसुद्धा चमच्यानं खातात, यावरून दुर्गात त्यांच्या सासुरवाडीत मोठा तमाशा झाला होता म्हणे. आणि तुम्ही बोलू लागलात की त्यांची बोटं मांडीवर चालत. तुमचं बोलणं ते शब्दन् शब्द मांडीवर टाइप करत. बोटं थांबली की समजायचं, आता तुम्ही काहीतरी खोटं बोललात किंवा काहीतरी फार महत्त्वाचं बोललात. यातलं कुठलं, ते लगेच कळायचं नाही. फार जीव टांगणीला लागायचा.

कीबोर्ड हा त्यांचा देव, शेजारी, नातलग, सगळं होता. सुट्टीच्या वेळात ते आम्हाला कारखान्यातल्या साऱ्या मशिनी दाखवायला न्यायचे, जसं कोणी जत्रा दाखवतं. तारघरात टेलिप्रिंटर होता, त्यात फक्त मोठी अक्षरं. “या बाईले हळू बोलता येत नाई,” बडेबाबू सांगायचे. “कोनाची बदली असो का बारसं, वरडूनच सांगते.” स्टोअरमध्ये आकडेमोडीची मशीन होती. तिच्यावर अक्षर एकही नाही, नुसते आकड्यांचे उभे खांब, एकं-दहं-शतंचे वेगवेगळे. ती पाहून ते खरोखर हळहळले. “एवढी बटणं अन् एक शब्द नाई बिचारीजवळ.” इंग्रजी कीबोर्ड म्हणजे त्यांच्या मते बाजार, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो बसला. हिंदीचा म्हणजे एकत्र कुटुंब. अर्धी अक्षरं दुसऱ्याच्या खांद्याला धरून उभी, मात्रा डोक्यावर चढलेल्या, उकार पायाशी.

मग एका दिवशी रशियन मशीन आमच्या खोलीत आली.

रशियन तज्ज्ञांची टायपिस्ट बाई कावीळ होऊन इस्पितळात पडली होती. भट्टीचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या तज्ज्ञानं हातानं लिहिलेले बारा कागद टाइप व्हायचे होते. भट्टीच्या आतली नवी वीट वाळवायची होती. गरम हवा सोडायची, पण हळूहळू. दर पाळीला किती तापमान, त्याचं कोष्टक. बारा कागद परवापर्यंत हवेत, म्हणून तज्ज्ञांचा बंगाली दुभाषी कपाळाला हात लावून बसला होता. बडेबाबूंना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. हे आपणच उठून गेले आणि म्हणाले, “आमी करून देतो.”

हातगाडीवरून मशीन आली. आम्ही सगळे भोवती गोळा झालो.

“बडेबाबू, आपल्याले रशियन येते का?” मी विचारलं.

“कागदाले कुठी मालूम आपल्याले येते का नाई? जसं दिसते तसं छापायचं.” दुभाष्याकडून त्यांनी अक्षरं समजून घेतली होती, आणि त्यांचे डोळे चष्म्याआड नाचत होते. “पन याच्यात अर्धे चेहरे वळखीचे हायेत, तेच धोक्याचं. हे पाह्य. दिसते पी, पन हाय र. हे दिसते एच, पन हाय न. चेहरा वळखीचा दिसला म्हनून कोनालेबी मामा म्हनायचं नाई.”

माझी बोटं लांब, म्हणून काम माझ्याकडे आलं. पुठ्ठ्यावर नवा कीबोर्ड काढून त्यांनी तो मला घरी नेऊ दिला. संध्याकाळी आम्ही राहायचो त्या टिनाच्या शेडच्या दारात बसून मी तो बडवत होते. आई पोळ्या लाटता लाटता पाहत होती. “पोट्टी पागल झाली,” ती वडिलांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ते बारा कागद छापले. त्या मशिनीवर आकडे वरच्या अंगाला होते, प्रत्येक आकड्याला शिफ्टचं बटण दाबून धरायचं. विसरलं की आकड्याच्या जागी स्वल्पविराम. घामानं हात निसटत होते. शेवटचा कागद निघाला तसा दुभाष्यानं प्रती उचलल्या आणि जीपमध्ये बसून गेलासुद्धा. मी टेबलावर डोकं ठेवलं.

बडेबाबू मात्र आपली कार्बन प्रत घेऊन खिडकीशी वाचत होते. रशियन त्यांना येत नव्हतं, ते फक्त आकडे वाचत होते, मोठ्यानं. “नव्वद. सातशे सत्तर. सातशे तीस. सातशे पन्नास.” थांबले. “पोरी, ते भट्टी गरम करून राहिले का थंड करून राहिले?”

“गरम.”

“मंग सत्तरावरून तीसवर खाली कावून उतरले? अन् नव्वदवरून एकदम सातशे?”

मी हस्तलिखित काढलं. तिथे सात होते. मला तरी सातच दिसत होते, उभी रेघ आणि डोक्याला लांब तिरपी शेंडी. खाली एका ठिकाणी सातावर आडवी काडी मारलेली होती. ती मी खाडाखोड समजून सोडली होती. बडेबाबूंनी दोन्हीवर बोट ठेवलं.

“काडीवाला सात हाय. शेंडीवाला एक हाय! एकशे दहा, एकशे तीस! चाल!”

आम्ही पळालो. गेटाबाहेर मुरूम नेणारा एक डंपर वळत होता, त्यापुढे बडेबाबू दोन्ही हात पसरून उभे राहिले. सरदारजी ड्रायव्हरनं शिव्या देत ब्रेक मारला. “भट्टी!” बडेबाबू म्हणाले, आणि मला आधी वर ढकलून स्वतः चढले. आयुष्यात मी कधी डंपरमध्ये बसले नव्हते. खड्ड्याखड्ड्यातून डोकं छताला आपटत होतं, बडेबाबूंनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते आणि मी रडत होते.

भट्टीच्या पायथ्याशी दुभाषी पाळीप्रमुखांना प्रती वाटत होता. बडेबाबू थेट त्यांच्यात घुसले आणि एकेकाच्या हातातून कागद ओढू लागले.

“अरे! आप कौन हैं?” एक इंजिनिअर ओरडला.

“टायपिस्ट!” बडेबाबू म्हणाले. इतक्या रुबाबात की तो इंजिनिअर चक्क मागे सरला.

म्हाताऱ्या तज्ज्ञाला खाली बोलावलं. दुभाष्यानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं कागद पाहिला आणि विटांच्या ढिगावर बसला. मला वाटलं, आता वडिलांची नोकरीही गेली. मग त्यानं खिशातून पेन्सिल काढून विटेवर दोन आकडे लिहिले, त्यांचा एक आणि त्यांचा सात, आणि मला जवळ बोलावून दाखवले. काहीतरी म्हणाला. दुभाष्यानं ते हिंदीत सांगितलं, अर्थ असा: “माझ्या आईनं पण या अक्षरावरून मला फार मारलंय. चूक माझ्या हाताची, मुलीची नाही.” मग त्यानं बडेबाबूंचा हात हातात घेऊन इतका जोरात हलवला की बडेबाबू कळवळून म्हणाले, “साहब, उंगली! उंगली!”

परत येताना डंपरमध्ये बडेबाबू माझं कौतुक ओरडून करत होते. दोन दिवसांत नवा कीबोर्ड! बारा कागद! एका अक्षराची चूक नाही! सरदारजी माना डोलावत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर कागद होता: ‘अक्षर चुकले तर वाचणारा हसतो. आकडा चुकला तर वीट फुटते. आकडे दोन जणांनी वाचल्याशिवाय कागद खोलीबाहेर जाऊ नये.’ खाली पहिल्यांदाच त्यांनी दोन सह्यांना जागा सोडली होती. एक त्यांची, एक माझी. मी सही केली आणि तेव्हा कुठे मला त्या खोलीतली झाल्यासारखं वाटलं.

पण बडेबाबूंचं खरं वेड मी पाहिलं ते ‘ळ’च्या वेळी.

क्वार्टर वाटायला सुरुवात झाली होती. पक्कं घर, नळ, वीज. आमच्या शेजारच्या शेडमध्ये आमच्याच गावचे मुळेकाका राहायचे. काकूंना नववा महिना होता, आणि मे महिन्यातलं टिन म्हणजे तवा. ज्यांची नावं यादीत होती त्यांना मैदानात बोलावून एक बाबू हिंदीतली यादी वाचायचा. नाव पुकारलं की हजर व्हायचं, तीनदा पुकारूनही कोणी आलं नाही तर पुढचा. मुळेकाका सकाळपासून अगदी पुढे बसले होते.

“मुले डी. एल.,” बाबू ओरडला. “मुले!”

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे पोरं खेळत होती. “अबे पोट्टेहो, बाजूले सरका,” काकांनी त्यांना दटावलं, “मुले मुले म्हनून तुमालेच वरडून राहिला ना तो!” तिसऱ्यांदा पुकारलं, आणि क्वार्टर पुढच्या माणसाला गेलं. काकांना ते संध्याकाळी कळलं. काकू ओलं फडकं पोटावर घेऊन पडून राहिल्या.

ती यादी मीच टाइप केली होती.

दुसऱ्या दिवशी बडेबाबूंना मी हे सांगत होते तशी त्यांची बोटं मांडीवर चालत होती. ‘मुले’पाशी थांबली.

“तू ल कावून टाकला?”

“मशिनीत ळ नाई, बडेबाबू.”

हिंदीच्या मशिनी तेव्हा नाना तऱ्हेच्या असत. आमच्या वाट्याला आलेलीत खरंच ळ नव्हता. ते माहीत असूनही बडेबाबू उठले, त्या मशिनीपुढे बसले आणि एकेक बटण दाबून पाहू लागले, हरवलेलं माणूस दवाखान्यात खाटेखाटेवर शोधतात तसं. सगळी बटणं संपली.

“माझ्या मायचं नाव कमळा होतं,” ते म्हणाले. “कोनी कमला म्हनून हाक मारली तं चुलीपासून उठतबी नव्हती ते.”

दोन दिवसांची रजा टाकून ते नागपूरला गेले. आले ते कुंकवाच्या डबीत कापसात गुंडाळलेला एक शिशासारखा तुकडा घेऊन. एका मोडीत निघालेल्या मराठी मशिनीचा ळ. रविवारी त्यांनी मला आणि वडिलांना बोलावलं, वडिलांनी मशीन धरली, मी कंदील जवळ धरला, आणि बडेबाबूंनी अपूर्णांकाची चिन्हं असलेल्या एका दांडीवरून जुनं टोक काढून वितळलेल्या शिशाचा डाख लावून तिथे ळ जोडला. बोट भाजलं. त्यांनी ते बोट तोंडात घातलं आणि तसेच हसत राहिले. कागद चढवला, बटण दाबलं. ळ उमटला. ओळीच्या केसभर वर, पण उमटला. आम्ही तिघं लहान पोरांसारखे पानभर ळ मारत बसलो.

मुळेकाकांचं नाव पुन्हा घालून पुढची यादी त्या मशिनीवर निघाली आणि तिसऱ्याच दिवशी बडेबाबूंना प्रशासनाच्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेब मद्रासकडचे, अरुळप्पन नावाचे, फार कडक. सरकारी मशिनीत परवानगीशिवाय फेरफार. ओळीच्या वर उडी मारणाऱ्या त्या अक्षरानंच चुगली केली होती. यात नोकरी जाऊ शकत होती.

“मेकॅनिकनं केलं म्हना ना,” मी म्हटलं.

“खोटं टाइप करता येत नाई मले,” बडेबाबू म्हणाले. “मशीन उचल.”

मशीन घेऊन आम्ही दोघं साहेबांच्या दाराशी गेलो. दारावर हिंदीत पाटी होती, अरुलप्पन. बडेबाबू ती पाटी पाहत क्षणभर थांबले; ड्रॉइंग ऑफिसातले मद्रासकडचे लोक साहेबांचं नाव ळ लावून घ्यायचे, ते त्यांनी ऐकलं होतं.

आत साहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. “ये अक्षर किसने लगाया? किससे पूछकर?”

“मैंने लगाया साहब. किसी से पूछा नहीं.” बडेबाबूंनी मशीन त्यांच्या टेबलावर ठेवली, कागद चढवला आणि उभ्याउभ्याच एक शब्द छापला. कागद काढून दोन्ही हातांनी पुढे धरला.

साहेबांनी वाचलं. अरुळप्पन. मग ओठ हलवून वाचलं, जीभ मागे वळवून, तो ळ त्यांच्या तोंडात अगदी सहज वळला.

“दस साल दिल्ली में रहा,” ते हळूच म्हणाले. “सबने मुझे अरुलप्पन बना दिया. मैंने भी मान लिया.” कागद त्यांनी खाली ठेवला नाही. “कौन-सा बटन है?”

बडेबाबूंनी दाखवलं. साहेबांनी एका बोटानं ते दाबलं. दोनदा, तीनदा.

“ये थोड़ा ऊपर क्यों बैठा है?”

“नया आया है साहब,” बडेबाबू म्हणाले. “बैठ जाएगा.”

साहेब हसले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिथेच मंजुरीचा शेरा लिहून सही केली.

पंधरवड्यानं पुन्हा मैदान भरलं. बडेबाबू कोट घालून माझ्याशेजारी उभे होते. मुळेकाका पुढे, काकू बारा दिवसांच्या पोरीला पदराखाली घेऊन झाडाशी. यादी वाचणारा बाबू उत्तरेकडचा. निम्मी नावं झाली आणि तो अडखळला. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“मु... ये क्या है? मु... मुडे?”

“मुळे!” बडेबाबू ओरडले. बाबूनं “मुले” म्हटलं. “मुळे!” मागून एक तेलुगू फिटर ओरडला. “मुळे!” ओडिशाचे खलाशी ओरडले, त्यांच्या भाषेतही ळ आहे हे मला त्या दिवशी समजलं. सरदारजी, तमिळ, सगळे. अर्धं मैदान त्या बाबूला जीभ कशी वळवायची ते दाखवत होतं. तो बिचारा लाल झाला, हसू लागला, आणि चौथ्या खेपेला त्याच्या तोंडून एकदाचा ळ निघाला. मुळेकाका उठले. “हाजर हाय!” म्हणाले, आणि झाडाशी उभ्या काकूंकडे पाहत पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीबाहेर रांग लागली होती. कोणाच्या नावातला उकार गेला होता, कोणाच्या गावातला अनुस्वार. बडेबाबू दाराशी पेन्सिल घेऊन उभे होते, अगदी खूश. रांगेत सर्वांत पुढे डोक्यावर रिकामं घमेलं घेतलेली एक छत्तीसगढी मजूरबाई होती.

“मोर नाव फुलबासन आय बाबू,” ती म्हणाली. “हाजरी म फूलमती लिख दे हें.”

बडेबाबूंनी स्वतःची खुर्ची तिच्यापुढे सरकवली. ती बसेना, खाली जमिनीवर बसली. तर हेही मशीन उचलून तिच्यासमोर जमिनीवर बसले. “बता दाई. धीरे धीरे बता.”

ती एकेक अक्षर सांगत गेली, ते छापत गेले. कागद काढून त्यांनी तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं नावावरून बोट फिरवलं.

“एही मोर नाव?”

“हव दाई. एही.”

तिनं कागदाची घडी करून कनवटीला लावली, घमेलं उचललं, दारापर्यंत गेली आणि परत आली.

“मोर नोनी के घलो लिख दे,” ती म्हणाली. “बेटी के.”

बडेबाबूंनी नवा कागद चढवला.